पाय भागिले दोन

जी गोष्ट मोजलेली नाही ती वाचवता येत नाही, हे जगातील सर्व संवर्धनकार्याचे पहिले सूत्र आहे. मोजून झाल्यावर ती वाचवायला वेळ उरत नाही, हे दुसरे सूत्र. पण ते अनुभवाने आपोआप कळते, म्हणून छापत नाहीत.

ही दोन्ही सूत्रे ठाऊक नसलेला एक गृहस्थ सव्वीस वर्षे एका दलदलीच्या काठी क्रौंच मोजत होता. थंडीत लांबून उडत येणारे, उंच पायांचे, राखाडी अंगाचे आणि सभ्य चालीचे हे पक्षी. गृहस्थाचा हुद्दा मोजणीदार. (पूर्ण हुद्दा ‘पक्षी-मोजणी सहायक, श्रेणी दोन’. श्रेणी एक कुठे बसते हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही.) खात्याने त्याला एक लाकडी मचाण, मांडीपर्यंत येणारे रबरी बूट आणि एक दुर्बीण दिली होती. दुर्बिणीच्या उजव्या बाजूने दिसायचे. डाव्या बाजूने दिसण्याचा प्रस्ताव विचाराधीन होता.

चौथे साधन त्याने घरून आणले होते. त्याची बायको कपडे शिवायची. तिच्या डब्यातली तीस बटणे तो सकाळी डाव्या खिशात टाकून न्यायचा. सूर्य वर आला की क्रौंच रांगा धरून चरायला निघत. दहा पक्षी गेले की एक बटण डाव्या खिशातून उजव्या खिशात. शेवटची रांग दिसेनाशी झाली की उजवा खिसा मोजायचा, त्याला दहाने गुणायचे, आणि वरचे सुटे बोटांवर धरायचे. पद्धतीला खर्च नव्हता, त्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जायचे कारण नव्हते.

दलदल दोन देशांत पसरली होती. सरहद्द तिच्या मधोमध गेली होती, पण ती पाण्यातून गेल्यामुळे कोणाला दिसत नसे. पलीकडच्या काठावर पलीकडच्या देशाचे मचाण होते आणि मचाणावर पलीकडचा मोजणीदार. आपल्या मोजणीदाराने एका मादीच्या पायात निळे कडे घातले होते, पलीकडच्याने एका नराच्या पायात पिवळे. एका थंडीत ही दोन कडी शेजारी शेजारी चरताना दिसली, आणि पुढच्या थंडीतही. त्या दिवसापासून दोघे मोजणीदार एकमेकांना व्याही म्हणू लागले. रोज फोन व्हायचा. मुलीची बाजू असल्याने तो आपल्या मोजणीदाराने करायचा, हे न बोलता ठरले होते. लेक काल कुठल्या काठाला उतरली, जावई भांडला का, एवढीच चौकशी. व्याह्याने एकदा जरा कुरकुर केली की तुमची लेक फार दिवस माहेरी राहते. मोजणीदार म्हणाला, खायला कमी पडत असेल तिकडे. दोन दिवस अबोला होता. या प्रदेशात दोन देशांमधला तो शेवटचा तणाव.

दलदलीला पाणी यायचे ते वरच्या बंधाऱ्यातून. थंडीच्या तोंडाशी बंधारेवाला मोजणीदाराला विचारायचा, ‘आले का पाहुणे?’ आले म्हटले की तो दरवाजा चार वीत वर करायचा. ही व्यवस्था सव्वीस वर्षे चालली. तिच्यात दोन देश होते, तीन माणसे होती आणि एकही बैठक झाली नव्हती. अशा प्रकाराला सहकार्य म्हणत नाहीत. त्याला नुसती ओळख म्हणतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी ‘संयुक्त क्रौंच व पाणथळ समन्वय मंडळ’ स्थापन झाले आणि त्रिपक्षीय करारावर सह्या झाल्या. पक्षी एकाच जातीचे असताना करार त्रिपक्षीय कसा, अशी शंका मोजणीदाराच्या बायकोने काढली होती, पण ती घरातच राहिली. तिसरा देश लांबचा होता. तिथे एकही क्रौंच उतरत नसे. त्यामुळे तो खऱ्या अर्थाने निःपक्ष ठरला आणि मंडळाचे सचिवालय तिथेच ठेवण्यात आले. मंडळाच्या कागदांवर डाव्या कोपऱ्यात एक सुंदर बोधचिन्ह होते: एका पायावर उभा असलेला क्रौंच. त्याच्यासारखेच मंडळाचे सभासदही परिषदांना जायला एका पायावर तयार असत. पहिल्या वर्षात सात परिषदा झाल्या. त्यांत एकूण नऊशे बारा प्रतिनिधी सहभागी झाले, म्हणजे दर क्रौंचामागे चार पूर्णांक तीन दशांश प्रतिनिधी. इतकी निगा कोणत्याही पक्ष्याची आजवर राखली गेलेली नाही.

करारातले नववे कलम महत्त्वाचे होते. दलदलीत दोनशे किंवा अधिक क्रौंच असल्याचे रीतसर सिद्ध झाले तरच बंधाऱ्याचा दरवाजा उघडायचा. ज्या दलदलीत पक्षी नाहीत तिला पाणी देणे म्हणजे पाणी दलदलीत घालणे होय, असा त्यामागे विचार होता. कलम सर्वानुमते मंजूर झाले. (‘सर्वानुमते’ म्हणजे ठराव वाचला जात असताना कोणी हरकत नोंदवली नाही. त्या वेळी चहा आला होता.)

मोजणीदाराला या कलमाचे काही वाटले नाही. दोनशेच्या वर पक्षी दरवर्षी असायचे. त्याने बटणे मोजून घेतली आणि बंधारेवाल्याला सांगितले, ‘कागद येईपर्यंत थांब. आठवडाभराचा प्रश्न आहे.’

पहिल्या वर्षीची मोजणी शिरगणतीने झाली. मूळ मसुद्यात तिसऱ्या देशाच्या भाषेतला एक साधा शब्द होता. आपल्याकडच्या भाषांतर विभागाला तो फारच साधा वाटला आणि त्यांनी ‘शिरगणती’ हा भारदस्त शब्द घातला. मसुद्यात शब्द आला की तो विधी विभागाकडे जातो. विधी विभागाने शब्दकोश काढला. शिर म्हणजे डोके असे निघाले. मग पोटनियम झाला की ज्याचे शिर प्रत्यक्ष दिसेल तोच क्रौंच मोजणीस पात्र समजावा. शिवाय मोजणी तिन्ही देशांत एकाच क्षणी व्हावी असे ठरले. (तिसऱ्या देशात मोजायला काही नव्हते, तरी समानतेच्या तत्त्वानुसार तिथला एक अधिकारी त्या क्षणी खिडकीशी उभा राहत असे.) तो क्षण सचिवालयाच्या कामकाजाच्या वेळेत धरला होता. इथे तेव्हा नुकते फटफटायचे.

त्या वेळी क्रौंच झोपलेले असतात. झोपलेला क्रौंच मान मागे वळवतो आणि डोके पाठीच्या पिसांत खुपसतो. मोजणीदाराने दुर्बिणीच्या उजव्या बाजूने अर्धा तास पाहिले. समोर दोनशेवर पक्षी उभे होते आणि शिर एकाचेही नव्हते. माणूस नियमाचा पक्का. त्याने ‘शून्य’ लिहिले. मग राहवेना, म्हणून खाली शेरा मारला: ‘डोकी नाहीत, बाकी सगळे आहे. पाणी गुडघाभर.’ (फॉर्मवर पाण्याचा रकाना नाही. वाचकांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.)

शेऱ्याचा पहिला अर्धा भाग सचिवालयात फार गांभीर्याने घेतला गेला. डोके नसलेले क्रौंच मोठ्या संख्येने आढळल्याने साथीचा संशय व्यक्त झाला. एक पशुवैद्य विमानाने आला. तो पोचला तेव्हा दिवस चांगला वर आला होता आणि सर्व पक्ष्यांना डोकी होती. त्याने रोगी आपोआप बरे झाल्याचा दाखला दिला आणि तो परत गेला. पण आकडा शून्यच राहिला, आणि शून्य हे दोनशेपेक्षा कमी असल्याचा निर्वाळा गणित सल्लागारांनी दिला. दरवाजा त्या थंडीत उघडला नाही.

सूर्य उगवल्यावर मोजणी करावी, फक्त वीस मिनिटांचा प्रश्न आहे, असे मोजणीदाराने विनंतीपत्र पाठवले. मंडळाच्या समन्वयकबाईंनी तत्परतेने उत्तर दिले. बाई खरोखर चांगल्या होत्या. हसतमुख, प्रत्येक पत्राला स्वतः उत्तर देणाऱ्या, आणि क्रौंचांविषयी बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येत असे. (मंडळाच्या कामकाजात पाण्याचा हा एकमेव अधिकृत उल्लेख.) वीस मिनिटे पुढे गेल्यास तिसऱ्या देशातला अधिकारी खिडकीशी एकटा पडेल, ही अडचण त्यांनी समजावून सांगितली. मात्र शिरे दिसत नाहीत ही तक्रार रास्त आहे, म्हणून पुढच्या वर्षीपासून जे दिसते तेच मोजावे, असा उदार निर्णय झाला. दिसत होते ते पाय. पाय मोजायचे आणि त्यांना दोनने भागायचे. पक्ष्याला दोन पाय असतात यावर तिन्ही देशांचे एकमत होते. मंडळाच्या इतिहासातले हे पहिले शास्त्रीय एकमत.

दुसऱ्या वर्षी लेक आली ती पिल्लू घेऊन. तपकिरी डोक्याचा, आईच्या मागे मागे धडपडत चालणारा नातू. व्याह्याने पलीकडून शर्ट हलवून दाखवला. मोजणीदाराने बटणांनी मोजले तेव्हा उजव्या खिशात एकवीस बटणे आली आणि वर एक. तो वरचा एक म्हणजे नातू. तो सर्वांत शेवटी उडाला होता. मोजणीदाराने त्याच्यासाठी करंगळी धरली आणि घरी पोचेपर्यंत सोडली नाही. दोनशे अकरा. त्याने बायकोला सांगितले, यंदा दरवाजा उघडतो बघ.

पण अधिकृत मोजणी फटफटताना झाली, आणि झोपलेला क्रौंच एका पायावर उभा असतो. दुसरा पाय तो पोटाच्या पिसांत ओढून घेतो. बोधचिन्हात दाखवलेला आहे, अगदी तसाच. मोजणीदाराने दोनशे अकरा पाय मोजले, दोनने भागले आणि उत्तर लिहिले: एकशे पाच पूर्णांक एक द्वितीयांश. शेरा: ‘पाणी पोटरीभर. मागच्या वर्षीपेक्षा कमी.’ (हेही सोडून द्यावे. पुढे मजा आहे.)

घरी त्याने बायकोला आकडा सांगितला. ती काजे करत होती. मान वर न करता म्हणाली, ‘बरोबरच आहे. लहान आहे तो, अर्धंच तिकीट लागणार.’

मोजणीदाराला हसू आले नाही. मग तिने सुई खाली ठेवली आणि मंडळाचा कागद हातात घेतला. म्हणाली, ‘अहो, यांच्या कागदावरचा क्रौंच बघा की. किती पायांवर उभाय? कळवा त्यांना, झोपलेल्याला दोनने भागू नका म्हणावं.’

त्याने कळवले. बोधचिन्हाभोवती लाल गोल करून कळवले. उत्तर आले ते त्याच कागदावर, त्याच बोधचिन्हाखाली. भाजक बदलणे ही करारातील मूलभूत दुरुस्ती असल्याने त्यासाठी ‘भागाकार उपसमिती’ नेमली होती. तिचा अहवाल चार वर्षांत अपेक्षित होता. तोवर तडजोड म्हणून पावणेदोनने भागावे असा एक प्रस्ताव होता, पण त्यावर मतभेद होते. वर्ष मात्र वाया गेले असे म्हणता येणार नाही, कारण ते अर्ध्या क्रौंचाने गाजवले. अर्धा क्रौंच कोणत्या देशाचा, यावर एकशे चाळीस पत्रे झाली. सरहद्दीवर उभा असल्याने तो अर्धा दिसला असावा, असे पलीकडच्या देशाच्या परराष्ट्र खात्याने म्हटले आणि उरलेला अर्धा आपल्या खाती लावण्याचा हक्क राखून ठेवला. पुढचा अर्धा कोणाचा आणि मागचा कोणाचा, हे आपल्या खात्याने विचारले. पशुवैद्याने तो जिवंत आहे का एवढेच विचारले, पण ते पत्र विषयाला सोडून असल्याने दप्तरी दाखल झाले.

व्याही फोनवर म्हणाला, ‘नातवावरून भांडायची वेळ आली तर आपण भांडू. हे कोण?’

एकशे पाच हे दोनशेपेक्षा कमी होते. (अर्धा धरूनही.) दरवाजा त्याही थंडीत उघडला नाही. बंधारेवाला दोनदा सायकलीवरून मचाणाखाली येऊन गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, कागदाचं राहू द्या, तुम्ही नुसतं हो म्हणा, मी हळूच वीतभर उचलतो. मोजणीदाराने नाही म्हटले. नियमाबाहेर काही झाले आणि मंडळाने दलदल यादीतूनच काढली तर पुन्हा कधीच पाणी मिळणार नाही, असे त्याला वाटले. इतक्या वर्षांत त्याने कधी आकडा फिरवला नव्हता, आणि आता दरवाजाही चोरून उघडायचा नव्हता. रीतसर दोनशे भरले की रीतसर पाणी येईल, यावर त्याचा विश्वास होता. अशी माणसे असतात म्हणून संस्था चालतात.

तिसऱ्या वर्षी मोजणीला खुद्द मंडळ आले. अडतीस प्रतिनिधी, चार दुभाषे, आणि पुढे समन्वयकबाई, पायात पांढरे बूट घालून. दलदलीत जायचे म्हणून मोजणीदाराने त्यांच्यासाठी रबरी बूट मागवून ठेवले होते. लागले नाहीत. बाई मचाणापासून सरळ शंभर पावले आत चालत गेल्या आणि परत आल्या तेव्हा बूट पांढरेच होते. इतक्या सुव्यवस्थित दलदलीला आपण यापूर्वी भेट दिली नव्हती, असे त्यांनी नोंदवहीत लिहिले.

फटफटले. मोजणीदाराने दुर्बीण लावली आणि बराच वेळ खाली आणली नाही. एकही क्रौंच झोपलेला नव्हता. सगळ्यांच्या माना ताठ, सगळे दोन्ही पाय टेकून उभे. दोनशे अकरा शिरे, चारशे बावीस पाय. दोनने भागून दोनशे अकरा. शिरगणती आणि पायगणती यांचा मेळ पहिल्यांदाच बसला होता. प्रतिनिधींनी टाळ्या वाजवायला हात उचलले, पण पक्षी उडतील म्हणून नुसते हलवले.

लेक कुठे आहे ते त्याला लगेच सापडले. निळे कडे पूर्ण दिसत होते. इतकी वर्षे ते पाण्याखाली असायचे आणि लेक चरायला निघाली की दिसायचे.

‘बाई, यात आनंदाचं काही नाही,’ तो म्हणाला. ‘पाणी असलं की तो एका पायावर निवांत झोपतो. रात्री कोल्हा पाण्यातून आला की आवाज होतो, तेवढ्यानं त्याला जाग येते. आता तेवढं पाणीच नाही, तर वाजणार काय? म्हणून ते झोपतच नाहीत. जागे आहेत सगळे.’

दुभाष्याने हे भाषांतर करून सांगितले. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिथेच वही काढली आणि लिहिले की मंडळाच्या प्रयत्नांमुळे क्रौंचांमध्ये लक्षणीय जागरूकता निर्माण झाली आहे. मग त्यांनी मोजणीदाराच्या खांद्यावर हात ठेवला. ‘काळजी करू नका. दोनशे अकरा म्हणजे दोनशेच्या वर. सही करा, म्हणजे दरवाजा उघडता येईल.’

त्याने सही केली. शेऱ्यात त्याने लिहिले: ‘पाणी घोट्याखाली. ताबडतोब दरवाजा उघडावा.’ (सवयीने सोडून दिले असेलच.)

अहवाल सचिवालयात पोचला आणि मागच्या वर्षीच्या अहवालाशेजारी ठेवला गेला. एकशे पाच पूर्णांक एक द्वितीयांशवरून दोनशे अकरा. एका वर्षात नेमकी शंभर टक्के वाढ, अपूर्णांकासकट. कोणत्याही जातीच्या पक्ष्याने सहकार्याला इतका चोख प्रतिसाद दिल्याचे उदाहरण नव्हते. आणि जी जात एका वर्षात दुप्पट होते तिला संकटग्रस्त म्हणता येत नाही. दलदल ‘संकटमुक्त’ जाहीर झाली. शिवाय ही वाढ दरवाजा बंद असताना झाल्याचे एका चाणाक्ष सभासदाने दाखवून दिले. तेव्हा वाढीचे कारण बंद दरवाजा हेच असणार, आणि तो उघडून यशाला बाधा आणणे योग्य नव्हे, असे सर्वानुमते ठरले. (चहा होता.) मोजणीदाराला प्रशस्तिपत्रक आले. कोपऱ्यात क्रौंच होता, एका पायावर.

त्या पत्राच्या आधी दोन दिवस, भर दुपारी, क्रौंच उठले होते. चरायला निघतात तसे रांगा धरून नाही, सगळे एकदम. मोजणीदाराने सवयीने डाव्या खिशात हात घातला, पण बटण काढायला सवड मिळाली नाही. ते उंच गेले, दोन चकरा मारल्या आणि दिसेनासे झाले. संध्याकाळी एकही परत उतरला नाही.

त्या दिवशी पहिल्यांदाच व्याह्याने फोन केला.

‘लेक तुमच्याकडे आलीय ना?’

‘मला वाटलं, तुमच्याकडे असेल.’

मग व्याही म्हणाला, ‘नातू आता मोठा झालाय. तो बघेल तिच्याकडे.’ मोजणीदाराने हो म्हटले आणि फोन ठेवला.

दोघांनीही नियमाप्रमाणे आपापल्या खात्याला कळवले की पक्षी इथे नाहीत. मंडळाने दोन्ही पत्रे एकत्र वाचली. इथे नाहीत म्हणजे पलीकडे आहेत, आणि पलीकडे नाहीत म्हणजे इथे आहेत. दोन्ही पत्रे एकमेकांना पुष्टी देत असल्याने संख्या दोनशे अकरावर स्थिर असल्याची नोंद झाली. ती आजही तशीच आहे. या यशाचा अभ्यास करायला दरवर्षी लांबून शिष्टमंडळे येतात. पूर्वी क्रौंच ज्या सुमारास येत त्याच सुमारास, आणि साधारण तेवढ्याच संख्येने.

मोजणीदाराने डावा खिसा बायकोच्या डब्यात रिकामा केला. तीसच्या तीस बटणे होती. तिने ती न मोजता झाकण लावले.

आता एकच राहिले. या कथेत क्रौंच किती, असे कोणी विचारले तर वाचक एका पायावर सांगतील: आधी शून्य, मग एकशे पाच आणि अर्धा, मग दोनशे अकरा. आकडे गमतीचे होते, ते लक्षात राहिले. पाण्याचा शेरा मोजणीदाराने तीनदा लिहिला. दोनदा आम्ही तो सोडून द्यायला सांगितला, तिसऱ्यांदा सांगावेही लागले नाही, आणि तिन्ही वेळा वाचक पुढे गेले. एकानेही हरकत नोंदवली नाही. चहा तर इथे नव्हताही.

तेव्हा दलदल कोरडी पडल्याचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला, असे समजण्यास हरकत नाही.